ऊबरस

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वरच्या अक्षरांपुढची टिंबं मी दोनदा तपासली आहेत, तेव्हा त्यावरून चिडवायला जाऊ नकोस. शब्दकोशाच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? खोली तीच, खिडकीकडे पाठ करून बसायची जागा तीच, कार्डांचे लाकडी खण तेच. फक्त चष्म्याचा नंबर बदलतो. दुपारनंतर अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात आणि मी तहान नसताना पाणी प्यायला उठतो.

आता काम सांगतो. नव्या आवृत्तीची पानं कमी करायची ठरली आहेत आणि मेलेले शब्द काढून टाकायचं लोढणं माझ्या गळ्यात आलं आहे. परवा 'क'च्या खणातून एक कार्ड निघालं आणि मी ते हातात धरून बसूनच राहिलो. त्यावर शब्द होता 'कॅलरिक'. खाली माझ्याच अक्षरात अर्थ: उष्णता हा एक न दिसणारा, वजन नसलेला द्रव आहे असे पूर्वी शास्त्रज्ञ मानत, त्या द्रवाचे नाव. मुख्य संपादक म्हणतात की 'कॅलरी' राहू दे, ती लोकांच्या तोंडात आहे, 'कॅलरिक' मात्र काढा, ती वस्तूच जगात नाही.

आमचा नियम असा की मराठीत लिहिलेले तीन दाखले, तारखेसह, मिळाले तर शब्द राहतो. छापील चालतात, हाताने लिहिलेलेही चालतात. माझ्याकडे दोन आहेत. तिसरा कुठे आहे ते तुलाही माहीत आहे. अण्णांची विज्ञानाची वही. तीच, जिच्यापायी त्यांचा विज्ञानाचा तास गेला आणि शाळेतली पोरं त्यांना 'ऊबरस मास्तर' म्हणायला लागली. वही बहुतेक त्यांच्या कपाटात असेल. तेवढी शोधून पाठव. मार्चअखेरपर्यंत मुदत आहे.

अण्णांना नमस्कार. यायचं मनात आहे पण 'क' संपता संपत नाही. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
टिंबू

दि. १२ फेब्रुवारी

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं की अण्णा आधी पाकीट हातात घेतात, तुझं अक्षर निरखतात आणि सांगतात की याचा 'र' अजून लंगडतोय. एकोणीस वर्षं हस्ताक्षराचा तास घेतलेला माणूस, माणसं विसरेल पण अक्षर विसरायचा नाही. सकाळी दहापर्यंत डोकं लख्ख असतं. दहानंतर मला कधी आई समजतात, कधी शाळेतली शिपाईणबाई. शिपाईणबाई समजले की निदान घंटा द्यायला सांगतात. आई समजले की मी चहा टाकायला उठते.

माझं विचारशील तर, विचारलं नाहीस म्हणा, पण सांगते. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात सध्या इस्त्रीचे दोनच रोलर चालू आहेत. एकाची वाफेची नळी फुटली, ती पोतं गुंडाळून ठेवली आहे. रोजच्या चारशे चादरी, वर ऑपरेशनचे हिरवे डगले. आमचा बॉयलरवाला अजून तुझ्या कॅलरिकवरच चालतो बरं का. म्हणतो, बाई, उष्णता गळतेय कुठूनतरी. त्याला सांगू का की उष्णता गळत नसते, माझ्या भावाने कार्डावर लिहून ठेवलंय? तो फडकं फेकून मारील.

घरी आले की अण्णांचे पाय चोळायचे. दोन ब्लँकेटं, लोकरी मोजे, तरी म्हणतात आतून गार वाटतं. डॉक्टर म्हणाले, वय आहे. ते मलाही दिसत होतं.

वही सापडली नाही. जुने कागद केव्हाच रद्दीत गेले असतील. आणि राग मानू नकोस, पण मेलेल्या शब्दाला खांदा द्यायला तू आहेस, जित्या बापाला हात द्यायला मी एकटीच आहे. तीन वर्षं झाली तुला येऊन. तुझा तो 'क' मोठा भाग्याचा.

काळजी घे. माया कमी नाही, अंगात त्राण कमी आहे इतकंच.

तुझी,
ताई

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोललीस ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. त्यावर सबब सांगत नाही.

पण वही रद्दीत गेली हे मला पटत नाही. तू छत्रीचं मोडकं दांडकं टाकत नाहीस, अण्णांची वही टाकशील? पुन्हा एकदा बघ. कशासाठी एवढा हट्ट धरतोय ते सांगतो.

मी या शब्दाची सगळी कुंडली काढली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी काही रसायनशास्त्रज्ञ नव्याने नावं ठेवायला बसले. त्यांची अडचण अशी होती की 'उष्णता' म्हटलं की हाताला लागतं तेही तीच आणि ज्याच्यामुळे लागतं तेही तीच. म्हणून त्या 'ज्याच्यामुळे'ला त्यांनी वेगळं नाव दिलं. हा द्रव गरम वस्तूतून गार वस्तूत वाहत जातो, कोंडून बसतो, बर्फ वितळताना लपून राहतो, असं सगळं त्यांनी बसवलं, आणि ते बसतही होतं. पुढे तोफा कोरायच्या कारखान्यात एकाच्या लक्षात आलं की धातू घासत राहिलं की उष्णता निघतच राहते, संपतच नाही. द्रव असता तर कधीतरी संपला असता ना? तिथून त्याला ओहोटी लागली, तरी पूर्ण जायला आणखी पन्नास वर्षं लागली. आणि गंमत बघ, मधल्या काळात एका तरुण इंजिनीअरनं वाफेच्या यंत्राचं गणित केलं ते हाच द्रव धरून. द्रव खोटा, पण यंत्राबद्दलचं उत्तर खरं निघालं, ते अजून टिकून आहे. आपणही अजून उष्णता 'वाहते' म्हणतोच की.

तर मोठमोठी माणसं जे मानत होती तेच अण्णांनी शिकवलं, ते काही वेडगळ नव्हते, हे कुठेतरी छापलेलं असावं असं मला वाटतं. त्यांच्या हयातीत.

दुसरं कारण माझं आहे. तपासनीस साहेब वर्गात आले तेव्हा उष्णता म्हणजे काय याचं उत्तर द्यायला हात कुणी वर केला होता? मी. बापाचा वर्ग, बापाची शाबासकी हवी होती. मी खणखणीत आवाजात सांगितलं की उष्णता हा एक वजन नसलेला द्रव आहे, त्याला कॅलरिक म्हणतात, म्हणजे आपला ऊबरस. साहेब हसले. मी तोंड बंद ठेवलं असतं तर कदाचित ते पुढच्या वर्गात गेले असते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

वही बघ. पत्राची वाट पाहतो, आणि तुझ्या रागाचीही.

तुझा,
टिंबू

दि. १ मार्च

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद.

वही माझ्याकडेच आहे. कधीच हरवली नव्हती. माझ्या लोखंडी पेटीत, खालच्या बाजूला, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली. तुझ्याशी खोटं बोलले. आता खरं लिहिते, ते सगळं वाच आणि मग काय म्हणायचं ते म्हण.

वही अण्णांची, पण तिच्यातलं अक्षर अण्णांचं नाही, माझं आहे. तू लहान होतास, तुझ्या लक्षात नसेल. विज्ञानाचे सर मध्येच नोकरी सोडून गेले आणि तो तास अण्णांच्या माथी आला. ते भाषेचे शिक्षक, त्यांना विज्ञान कुठलं यायला? वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं, तेही संध्याकाळी परत करायच्या बोलीवर. नेमकं त्यांचं मनगट मुरगळलेलं. म्हणून उष्णतेचा धडा उतरवून घ्यायला मला बसवलं. मी पंधरा वर्षांची. साडेपाचला शाळेत नाटकाची तालीम होती. माझं काम दासीचं, तीन वाक्यांचं, आणि ती तीन वाक्यं चुकतील म्हणून माझा जीव वरखाली.

पुस्तकात लिहिलं होतं: 'पूर्वी असे मानत असत की उष्णता हा एक वजन नसलेला द्रव आहे. या द्रवास कॅलरिक म्हणत.' अजून तोंडपाठ आहे मला. मला वाटलं, पूर्वी कोण काय मानत होतं त्याच्याशी पोरांना काय करायचंय? म्हणून पहिले पाच शब्द गाळले. मग पुढचं 'म्हणत' जुळेना, म्हणून त्याचं 'म्हणतात' केलं. शेवटचं पान राहिलं, ते उतरवलंच नाही. त्याच पानावर होतं की हा समज खोटा ठरला. पळत तालमीला गेले. अण्णांनी पुस्तक न उघडता परत केलं, कारण मी सांगितलं होतं की सगळं उतरलंय. 'ऊबरस' हा शब्द तेवढा त्यांनी नंतर समासात लिहिला, मुलांना सोपं जावं म्हणून, डाव्या हातानं.

पुढचं तुला माहीत आहे. विज्ञान गेलं, मुख्याध्यापकाची खुर्ची गेली, हस्ताक्षराचा तास मिळाला. वाचनालयाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. रोज जाणारा माणूस. आई विचारायची तेव्हा म्हणायचे, डोळे दुखतात. मी एकदाही सांगितलं नाही. आधी भीतीनं, मग लाजेनं, मग फार उशीर झाला म्हणून. एकेचाळीस वर्षं, टिंबू. मी काही त्यांच्यापायी इथे अडकून पडले नाही, माझ्यापायीच राहिले.

आता त्यांचं डोकं सकाळचे दोन-तीन तास जागेवर असतं. उद्या तेही नसेल. सांगू की नको? मला आता खरंच थकवा आलाय, मला ठरवता येत नाही. तू सांग.

लोभ ठेवायचा की नाही हेही तूच ठरव.

तुझी,
ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक पत्र लिहिलं आणि फाडलं. त्यात मी जे बोललो होतो ते तुला कळायची गरज नाही. पोरांशी मारामाऱ्या मी केल्या होत्या, 'ऊबरस मास्तर' म्हटलं की. ओठ फुटून घरी आलो की तूच हळद लावायचीस, गप्प राहून. तेव्हा वाटायचं, ताई किती शांत आहे.

आता राग उतरला आहे. पाच शब्द गाळलेस तू, हात वर केला मी. पंधरा वर्षांची पोर आणि अकरा वर्षांचा पोरगा. आता आपली दोघांची डोकी पांढरी झाली.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही, कारण तू त्या वर्गात नव्हतीस. साहेबांनी वही मागितली, चाळली आणि विचारलं की हे अक्षर तर लहान मुलाचं दिसतंय, हे लिहिलं कुणी. अण्णा म्हणाले, मीच. मनगटाला पट्टी होती, ती दाखवून म्हणाले, म्हणून अक्षर असं आलंय. चूक कुठे आहे हे त्यांना तेव्हा कळलंही नव्हतं. मुलीचं नाव त्यात यायला नको, एवढंच त्यांना समजलं होतं.

सांगू की नको, याचं उत्तर माझ्याकडे नाही. रोज शब्दांचे अर्थ सांगतो, पण हे येत नाही. सांगितलंस तर तुझं ओझं उतरेल, त्यांच्यावर काय चढेल? नाही सांगितलंस तर ते चूक आपली समजूनच जातील. मला विचारशील तर सांगावं. पण त्यांचं तोंड बघायचं तुला आहे, मला नाही, तेव्हा माझ्या सल्ल्याची किंमत काय ती तूच कर.

वही पाठवू नकोस. शब्द गेला तर जाऊ दे. लोभाचं विचारायचं नसतं, वेडे.

तुझा,
टिंबू

दि. १८ मार्च

चि. टिंबूस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. रविवारी सकाळी, आठच्या सुमारास, दाढी झाल्यावर. टॉवेल हातात होता तो तसाच धरून सगळं सांगितलं. वही पुढ्यात ठेवली. त्यांनी मला ते पाच शब्द म्हणायला लावले. मी म्हटले. पुन्हा म्हणायला लावले. मग वहीतल्या त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं, डोकं भरकटलं. तर म्हणाले, "म्हणजे पुस्तक बरोबर होतं." आणि थोड्या वेळानं, "मी एकेचाळीस वर्षं पुस्तकावर रुसून बसलो."

मला मारलं असतं तर परवडलं असतं. त्यांना वाटत होतं, पुस्तकानं दगा दिला. म्हणून ते वाचनालयात जायचे थांबले होते. लोकांच्या लाजेनं नाही.

मग भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस माझ्याशी अवाक्षर नाही. माझ्या हातचा चहा नाही, शेजारीण देऊन जायची. बाकी सगळं दहाला विसरतात, हे मात्र विसरले नाहीत. मी कामावर गेले, रोलरमध्ये चादर अडकली, ती काढताना मनगट भाजलं. बॉयलरवाला म्हणाला, बाई, लक्ष कुठंय? ओझं बिझं काही उतरलं नाही बघ. तरी संध्याकाळी पाय चोळले. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, एवढंच.

आज सकाळी पेन मागितलं, कागद मागितला, वहीही मागितली. मला बाहेर जायला सांगितलं. पाकीट बंद करून माझ्या हातात दिलं आहे, वही त्यातच आहे. मी फोडलेलं नाही. त्यात माझ्याबद्दल जे असेल ते मला कळवू नकोस, किंवा कळव. यासोबत पाठवते.

तुझी,
ताई

दि. १८ मार्च, सकाळचे आठ वाजून वीस मिनिटे

चि. टिंबूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेळ मुद्दाम घातली आहे. दहापर्यंत माझ्यावर विश्वास ठेवावा, पुढे नाही. तेव्हा थोडक्यात लिहितो.

सोबत वही आहे. सुरुवातीला पाच शब्द माझ्या हाताने घातले आहेत आणि 'म्हणतात'मधला 'ता' खोडला आहे. एवढीच दुरुस्ती होती. आता ती तुमच्या नियमात बसत असेल तर शब्द ठेव, नसेल तर काढ. माझ्यासाठी ठेवू नकोस. लिहिणाऱ्याचे नाव विचारतील तर माझे सांग. मागेही मी तेच सांगितले आहे, आता साक्ष फिरवता येणार नाही. 'ऊबरस' मात्र कोशात घालू नकोस. तो घरगुती शब्द आहे.

त्या दिवशी तू हात वर केलास याचे तुला वाईट वाटते असे ताई म्हणाली. शिकवलेले तू बिनचूक सांगितलेस. मला तुझा अभिमान वाटला होता. नंतरच्या गडबडीत सांगायचे राहून गेले.

ताईचा मला राग आला. खरा राग आला, तो लपवत नाही. चुकीचा नाही, लहान होती. न सांगण्याचा. सांगितले असते तर मी दुसऱ्या दिवशी ते पुस्तक पुन्हा आणले असते आणि वर्गात म्हटले असते की मुलांनो, पाच शब्द राहिले, लिहून घ्या. बस्स. तेवढ्यासाठी पोरीने जन्म काढला.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही आणि दोन्ही संध्याकाळी तिने माझे पाय चोळले. काल माझ्या लक्षात आले की तिचे हात गार आहेत. दिवसभर वाफेत उभी राहणारी बाई. शास्त्र म्हणते ऊबरस असा काही नसतो, आणि ते खरेच असेल, पुस्तकावर आता मी रागावलेलो नाही. पण गेली तीन वर्षे मी एकटाच तिच्याकडून घेतो आहे आणि तिला कोणी देत नाही, एवढे मला पुस्तकावाचून कळते.

मला वाचनालयात जायचे आहे. त्या पुस्तकाचे शेवटचे पान वाचायचे राहिले आहे. पुस्तक तिथे अजून असेल की नाही माहीत नाही, पण पायऱ्या असतील. त्या अकरा आहेत. ताईच्याने एकटीने मला चढवता येणार नाही. दुसऱ्या बाजूला माणूस लागेल, आणि सकाळी दहाच्या आत लागेल.

तुझा 'र' सुधार. या पत्राला उत्तर लिहू नकोस, ये. लोभ पत्रांतून पुष्कळ झाला, आता समक्ष असावा.

अण्णा